काशीत सोडलेलं कारलं

सेलू

लांजा ते सेलू हा प्रवास मी सांगत बसणार नाही. त्यात दोन गाड्या, एक चुकलेली गाडी आणि बरीचशी झोप आहे. सकाळी सेलूच्या स्टेशनावर उतरले तिथून सांगते, कारण तिथे पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते आकाश. आमच्याकडे डोंगर आणि माडांच्या मधून जेवढं उरेल तेवढंच आकाश वाट्याला येतं. इथे ते चारी बाजूंनी थेट जमिनीला टेकलेलं होतं. नाताळची सुटी होती आणि थंडी कोरडी होती. बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांनी जाता जाता रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लावून ठेवले होते. इथल्या बाभळींना कापूसच येतो असं कोकणातल्या माणसाला सहज पटवून देता आलं असतं.

मी मानसशास्त्र शिकवते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. वडील चिऱ्याच्या खाणीवर कामाला होते. एम.ए.ला वसतिगृहात माझ्या खोलीत मंगल होती, परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची. पदवीदानाच्या दिवशी माझ्या घरून कुणी येऊ शकलं नाही. मंगलचे वडील, ज्यांना आम्ही दोघी नाना म्हणतो, एसटीने एवढ्या लांब आले. त्यांनी पेढ्यांचा एक पुडा मंगलच्या हातात दिला आणि तेवढाच दुसरा माझ्या हातात. "आमच्या दोन पोरी आज एम.ए. झाल्या," असं ते वसतिगृहाच्या रखवालदारालासुद्धा सांगत होते. तो पुडा मी अर्धा खाल्ला आणि अर्धा घरी नेला. माझ्या शिक्षणाचा आमच्या घरी झालेला समारंभ म्हणजे ते उरलेले पेढे.

तर त्या नानांना आता मधुमेह झाला होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. परभणीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की शुगर आटोक्यात आली तर शस्त्रक्रिया, नाहीतर नाही. एकदा ते ठरल्या तारखेला जाऊन तसेच परतही आले होते. नाना शाळेत मास्तर होते आणि निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी मंदिरात पोथी सांगतात. आता ओळी दिसेनाशा झाल्या होत्या. पाठ होतं तेवढं ते रेटत होते.

"तुझा प्रबंध तलफेवरच होता ना?" मंगल फोनवर म्हणाली. तिला रजा मिळत नव्हती. "मग जा आणि माझ्या बापाला समजाव. मी बोलले की म्हणतात, तू लहान आहेस."

मी तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे, पण निघाले. माझा प्रबंधही पिशवीत टाकला, उगाच.

चारठाण्याच्या एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाच्या घरी जायलाव?" मी नानांचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "महाराजांकडं होय? मग तोंड गोड करूनच येताल."

त्या वेळी मला ती नुसती बोलण्याची रीत वाटली.

चारठाणा

चारठाणा बघायला म्हणून जावं असं गाव आहे. जुनी दगडी मंदिरं, एक उंच कोरीव खांब, एक बारव, आणि या सगळ्याच्या मधून म्हशी, मोटारसायकली आणि शाळेची पोरं निवांत ये-जा करत असतात. आमच्याकडे एवढा जुना दगड असता तर त्याला कुंपण घातलं असतं. इथे त्याच्यावर गोधडी वाळत होती.

मंगलच्या आईने, म्हणजे काकूंनी, दारातच माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि हातपाय धुवायच्या आत समोर सुशीला ठेवली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ. वर दाण्याचं कूट. दुपारी ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी, ठेचा आणि कच्चा कांदा. आमची तांदळाची भाकरी पांढरी आणि मऊ, निमूट. ही भाकरी ताटापेक्षा मोठी होती आणि मोडताना आवाज करत होती. काकूंनी दुसरी वाढली तेव्हा मी "नको" म्हटलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आमच्याकडे "नको" म्हटलं की आणखी एकदा विचारतात आणि मग भांड्यावर झाकण पडतं. इथे "नको" ही जेवणाची सुरुवात असते.

जेवताना मी कामाला लागले. परसात कारल्याचा वेल कुंपणावरून ओसंडत होता, तो दाखवून म्हटलं, "नाना, डॉक्टरांच्या गोळ्या तर घ्यायच्याच, पण निदान अशा भाज्या तरी खात जा."

नाना गंभीर झाले. "कारलं मला चालत नाही ताई. काशीत सोडलंय."

काकूंनी आमटीची पळी भांड्यात जरा जोरात ठेवली.

काशीयात्रेला गेलेला माणूस तिथे एक खाण्याची वस्तू सोडून येतो आणि पुन्हा जन्मभर खात नाही, ही रीत वाचकांना ठाऊक असेल. सोडायचं ते आवडीचं, हा त्यातला मुद्दा.

"आवडीचं सोडायचं असतंय," काकू म्हणाल्या. "घाटावर समदी मंडळी आंबा सोडायली, जिलबी सोडायली. मी जांब सोडला, लय आवडायचा मला. अन् हे काय म्हणले? कारलं. जन्मात कधी तोंडाला लावलं न्हाई ते. तिथला गुरुजी बी हसला."

"नावडतं सोडू नये असं कुठं लिहिलंय, दाखव."

"देवाला फसवलं. आता देव बी कारल्यातच औषध ठेवून बसलाय."

"पण शब्द पाळलाय की नाही? मंगलच्या लग्नात व्याह्यांनी भरलं कारलं केलतं, मी ताटावरून उठलो."

"कौतुक हाय," काकू म्हणाल्या.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला अजून पेरूची, म्हणजे जांबाची, आठवण होते?"

"पहिलं वरीस जड गेलं. वास आला की जीव कासावीस व्हायचा. आता पाटीभर जांब दिसले तरी पाला दिसल्यावाणी वाटतंय."

तलफ जागवणारा इशारा, म्हणजे वास किंवा वेळ, बक्षिसाशिवाय पुन्हापुन्हा आला की बोथट होतो, यावर पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. मला ते समजायला दोन वर्षं लागली होती. त्यांना एक पेरू लागला.

बाजाराचा दिवस

संध्याकाळी नानांबरोबर मंदिरात गेले. पोथी छान रंगली, फक्त एका ठिकाणी नाना अडखळले, पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि मग पाठ असलेल्या पुढच्या भागावर उडी मारली. ऐकणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी समईची वात वर सरकवली, जणू दोष उजेडाचा होता.

आरती झाली, घंटा वाजली, आणि नानांचे पाय घराच्या उलट दिशेला वळले.

"कुठं निघालो आपण?"

"हा, हे बघ," नाना थबकून म्हणाले. "मला कळतच नाही. घंटा वाजली की पाय आपोआप वळतेत."

वळतात ते बबनरावांच्या हॉटेलकडे. बाजाराच्या दिवशी तिथे दारातच जिलबी तळतात. आम्ही समोरच्या पारावर बसलो आणि मी नानांना माझं शास्त्र सांगितलं. तलफ जिभेत नसते. घंटा, वास, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता यांच्याशी मेंदू बक्षिसाची गाठ मारून ठेवतो. मग बक्षीस समोर येण्याआधीच डोपामिन नावाचं रसायन धावपळ सुरू करतं. गंमत म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या वेगवेगळ्या वाटा आहेत. माणसाला एखादी गोष्ट फारशी आवडत नसतानाही अतोनात हवीशी वाटू शकते. याला दारूसारखं व्यसन म्हणावं की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हेही सांगितलं, कारण ते प्रामाणिकपणाचं होतं.

नाना लक्ष देऊन ऐकत होते. "आमच्या पोथीत याला वासना म्हणतेत."

"आमच्यात डोपामिन."

"तुमचं नाव बरंय. घेताना लाज वाटत नाही."

मग मी त्यांना प्रयोग सांगितला. तलफ लाटेसारखी असते. तिच्याशी भांडायचं नाही, नुसतं बघत बसायचं. ती चढते आणि थोड्या वेळाने ओसरते. नानांनी मांडी घातली, डोळे मिटले. समोर कढईत जिलबी चुरचुरत होती.

"चढायली," नाना म्हणाले.

"चढू द्या."

"गळ्यापर्यंत आली."

"बघत राहा."

बराच वेळ गेला. नानांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "ओसरायली ताई. खरंच ओसरायली."

मला माझ्या विषयाचा इतका अभिमान पूर्वी कधीच वाटला नव्हता. तेवढ्यात बबनराव स्वतः ताटली घेऊन पाराशी आले. "महाराज, डोळे मिटून काय बसलाव? गरम हाय."

"नको बबनराव. डॉक्टरांनी सांगितलंय."

"एकानं काय होतंय? डाक्टर काय चारठाण्यात ऱ्हातो का?"

"अहो, खरंच नको."

"आज पयला घाणा हाय महाराज. तुमी न्हाई खाल्लं तर मला गोड लागंल का?"

नानांनी एक खाल्ली. पाहुणीला म्हणून दुसरी ताटली आली, ती मी शास्त्राच्या मर्यादेत राहून संपवली. घरी येताना एका आजोबांनी नातू झाला म्हणून पेढा दिला, एका घरून सत्यनारायणाचा शिरा आला, आणि कुणीतरी नुसतंच "महाराज, आज पोथी लय भारी झाली" म्हणून बुंदीचा लाडू हातावर ठेवला. पोथी अडखळलेली सगळ्यांनी ऐकली होती. कदाचित म्हणूनच ठेवला. हे लोक नानांचे डोळे प्रेमाने, एकेक घासाने मिटवत होते आणि त्यातल्या एकाला जरी ते सांगितलं असतं तरी तो रडला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदिरातली घंटा वाजली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एका ताटलीत ही गत. मी हे नानांना सांगितलं नाही.

शेजारची ताटं

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या घरी काकूंबरोबर गेले होते. घरच्या मोठ्या बाई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, हुशार आणि तोंडाळ. त्यांनी फळांचं ताट पुढे केलं. त्यात पेरूच्या फोडी होत्या, मीठ-तिखट लावलेल्या.

काकू म्हणाल्या, "जांब सोडलाय मी."

जिजींचा हात विस्तवाला लागल्यासारखा मागे गेला. "आगं माय, इसरलेच मी. काशीचं हाय न्हवं." ताट उचललं, आत गेलं, काकूंसाठी केळं आलं. आग्रह नाही, "एकानं काय होतंय" नाही. उलट जिजींनाच अपराधी वाटत होतं.

तेवढ्यात नाना मला बोलवायला आले. जिजींनी त्याच हाताने डब्यातला पेढा काढला.

"नको जिजी, शुगर आहे."

"शुगर तर आता समद्यालाच हाय. आख्खा नगं, अर्धा घ्या."

नानांनी अर्धा घेतला. उरलेला अर्धा लगेच मागोमाग आला.

मी त्या दोन ताटांच्या मधे बसले होते आणि मला एकदम दिसलं. "नको" इथे चालत नाही. "डॉक्टर" फारच थोडं चालतं. "सोडलंय" हा एकच शब्द असा आहे की त्यापुढे पसरलेला हात मागे जातो. मी पारावर बसून नानांच्या डोक्यातली लाट ओसरवत होते आणि गाव नवी लाट ताटलीत घेऊन येत होतं.

रात्रीच्या जेवणाला मी हे बोलून दाखवलं. "नाना, तुमच्या जिभेचा दोष थोडा आहे. समोरून येणारे हात जास्त आहेत. त्या हातांना थांबवणारी एकच ढाल माणसाला मिळते, आणि ती तुम्ही..."

"कारल्यावर घालवली," काकूंनी वाक्य पुरं केलं.

नाना हसले नाहीत. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसले. "काल अडखळलो, ते ऐकलंस ना तू?" ते मला म्हणाले. "लोक आता सांभाळून घ्यायलेत. सांभाळून घ्यायला लागले की समजावं, आपलं आसन उठत आलं."

मग काकू म्हणाल्या, "उद्या गंगाखेडला जाऊ. तिथली गोदा बी गंगाच हाय. दक्षिणकाशी म्हणतेत. ते कारलं परत मागा अन् गोड सोडा."

"नेम असा बदलत नसतो."

"मग तिथल्या गुरुजींनाच इचारा की."

गंगाखेड

जिंतूर, परभणी, गंगाखेड असा एसटीचा प्रवास. वाटेत तुरीची आणि ज्वारीची शेतं. ज्वारी कमरेच्या वर आली होती, हुरड्याला अजून थोडा अवकाश होता. माझी सुटी हुरड्याआधी संपणार याचं बसमधल्या अनोळखी माणसांनाही वाईट वाटलं. परभणीच्या बसस्थानकावर काकूंनी धपाट्यांचं गाठोडं सोडलं. नानांनी एक दह्याशी खाल्ला आणि समोरच्या मिठाईच्या दुकानाकडे बघणं टाळायचं म्हणून सगळा वेळ बसच्या पाट्या मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. एकही बरोबर वाचली नाही. पाथरीची मानवत केली आणि जिंतूरची सेलू.

गोदावरी रुंद आणि संथ होती. आमच्या नद्यांना समुद्र गाठायची घाई असते. हिला काही घाई दिसली नाही. घाटावर एक वयस्क गुरुजी भेटले. नानांनी चप्पल काढून, हात जोडून, सगळं खरं सांगितलं. कारलं का सोडलं तेही.

गुरुजींनी पाण्याकडे तोंड फिरवलं. मला वाटलं रागावले. ते हसू दाबत होते.

"इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "लोक येतेत, आंबा परत मागतेत, जिलबी परत मागतेत. कारलं परत मागायला आलेले तुमी पहिलेच. खुशाल न्या. देव कशाला अडवील? पण बदल्यात काय ठेवायलाव?"

नाना गुडघाभर पाण्यात उतरले. काठावर काकू आणि मी.

"जिलबी," नाना म्हणाले.

"अन् पेढा?" काठावरून काकू.

"जिलबी अन् पेढा."

"बुंदी? शिरा? बासुंदी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुझं शास्त्र काय म्हणतं? सगळंच सोडलं तर टिकतं का?"

मला "हो" म्हणायचं होतं. पण पाण्यात उभ्या माणसाशी खोटं कसं बोलणार. "काहींचं टिकतं नाना. एकदाच ठरलं की मनातलं रोजचं भांडण मिटतं. पण काहींना पुरती बंदी घातली की तलफ दुप्पट होऊन येते. दोन्ही आहे."

"म्हणजे तुमचंही नक्की नाही."

"नाही."

"मग बरंय. आमच्यासारखंच आहे."

ते पुन्हा नदीकडे वळले. काकूंचा टोमणा पहिल्यांदाच थांबला होता. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि पोथी सांगतात त्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याच्या हातचं गोड सोडलं."

गुरुजींनी मान वर केली. मीसुद्धा. जिलबी, पेढा, शिरा काही न मोजता त्यांनी सगळे पसरलेले हात एका ओंजळीत धरले होते.

"अन् माझ्या हातचं?" काकूंनी विचारलं.

"तू देतेस कुठं," नाना म्हणाले, आणि ओंजळ सोडली.

परतताना गुरुजी मला म्हणाले, "एवढ्या लांबून आल्याव, तुमी काय सोडताव?" मी, तलफेवर प्रबंध लिहिलेली बाई, तोंड उघडलं आणि माझ्या जिभेवर पहिलं नाव आलं ते कारल्याचं. मी पाहुणी आहे असं सांगून वेळ मारून नेली. नाना मात्र माझ्याकडे बघून गालात हसले. त्यांना अंधुक दिसत होतं, पण एवढं दिसलं.

लांजा

मी निघाले त्या दिवशीच काकूंनी परसातलं कारलं चिरलं. नानांनी पहिला घास तोंडात घालून जो चेहरा केला, तो पाहून मला त्यांनी काशीत केलेल्या निवडीबद्दल पूर्ण सहानुभूती वाटली. बबनरावांनी बातमी कळल्यावर ताटली अर्ध्या वाटेवरून परत नेली, आणि पुढच्या बाजारापासून महाराजांसाठी बिनसाखरेचा चहा पाठवायला लागले. गावाला हात पसरायचेच होते. नुसतं त्यात काय ठेवायचं ते बदललं.

काही आठवड्यांनी मंगलचा फोन आला. शुगर उतरली, शस्त्रक्रिया झाली, एका डोळ्याची. शुगर कशाने उतरली यावर तिघांची तीन मतं आहेत. डॉक्टर गोळ्यांना श्रेय देतात, काकू गंगेला आणि नाना कारल्याला, कारण एवढं कडू खाऊन त्याला श्रेय न देणं त्यांच्या जिवावर येतं. मी कुणालाच विरोध केलेला नाही.

मला त्यांना पेढ्यांचा पुडा पाठवायचा होता. एक पुडा माझ्याकडून त्यांना जायचा राहिलाच होता. पण दुसऱ्याच्या हातचं गोड ते घेणार नाहीत, आणि त्या ढालीला पहिला पोचा पाडणारी मी होणार नव्हते. आईने उन्हात वाळवलेल्या कारल्याच्या चकत्या होत्या, मीठ लावलेल्या. त्यांचा तेवढ्याच आकाराचा पुडा बांधला, वर पत्ता लिहिला आणि पाठवला.

नानांचा फोन आला. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, त्यांनी पुड्यावरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि खाली पाठवणारीचं म्हणून माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, लांजा. कुठेही अडखळले नाहीत.

"सगळं दिसलं ताई," ते म्हणाले. "फक्त तुझ्या नावापुढं एम.ए. लिहायचं राहिलंय."